मुलीचा गोल्डफिश उलटा तरंगतोय, काय करू?

भर_उन्हात:
नागपूरहून लिहितेय. मुलगी दुसरीत आहे. वाढदिवसाला मामाने तिला काचेच्या गोल बाऊलमध्ये एक गोल्डफिश आणून दिला. गोलमटोल, दोन फाट्यांची शेपटी, नाव जिलबी. परवापासून जिलबी खाल्लं की आडवी होते, मग पोट वर करून तरंगते. धडपडत खाली जाते, पुन्हा वर येते. कल्ले भराभर हलतात, शेपटीत बारीक लाल रेषा दिसताहेत. बाऊल दहा लिटरचा, फिल्टर नाही. दुकानदाराने सांगितलं म्हणून दर रविवारी सगळं पाणी बदलते. दाणे सकाळ-संध्याकाळ, शिवाय आजी गुपचूप मुरमुरे टाकतात ते वेगळेच. दुकानातून निळं औषध आणलंय, अजून टाकलेलं नाही. लेक बाऊलपुढून हलत नाही. म्हणते, "हिला फुटाळा तलावात सोडू, तिथे खूप पाणी आहे." काय करू?

टाकीवाले_काका:
ताई, ती निळी बाटली कपाटात ठेवा. बहुधा मिथिलीन ब्लू असेल. बुरशीवर, माशांच्या अंड्यांवर ते चालतं. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवर नाही. जिलबीपेक्षा तिचं पाणी आजारी आहे, असं मला वाटतं.

मासा बराचसा अमोनिया कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. दहा लिटरात, फिल्टर नसताना, तो जाणार कुठे? लाल रेषा आणि भराभर हलणारे कल्ले बघून पहिला संशय अमोनियावरच जातो. त्यात तुमचा मे महिना. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, त्याला 20 ते 23 अंश मानवतं. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 ला साडेसातच. आणि पाणी जितकं तापेल तितका अमोनिया जास्त विषारी.

आज इतकंच करा. रात्री बादली भरून घरातच ठेवा, गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी चुकूनही नको. त्यात दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध, घाला. सकाळी बाऊलमधलं एक तृतीयांश पाणी काढून हे हळूहळू ओता. दोन्ही पाण्यांत हात घालून बघा, फरक जाणवायला नको. असं रोज. सगळं पाणी एकदम बदललं की माशाला तोच धक्का बसतो. बाऊल कूलरच्या झोतात ठेवा, वरून जाळी टाका. नागपूरची हवा कोरडी, त्यामुळे पृष्ठभागावरून वाफ होऊन पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फ टाकू नका.

दोन दिवस उपास. काही होत नाही, गोल्डफिश त्याहून कितीतरी जास्त दिवस अन्नावाचून काढतो. भीक मात्र मागेल. आजींना बजावून ठेवा, मुरमुरे बंद म्हणजे बंद. या गोल जातीच्या माशांचं शरीर आखूड केलेलं असतं, आत आतडं आणि हवेची पिशवी एकमेकांना दाटून बसलेली. पोट तटतटलं की पिशवी दबते आणि मासा कलंडतो. तरंगते दाणे खाताना हवाही गिळली जाते.

मासेवेडा_सांगली:
काका एवढं कशाला? मूठभर मीठ टाका. माझा मासा एका रात्रीत पोहायला लागला.

टाकीवाले_काका:
कुणाची मूठ? तुमची की दुसरीतल्या पोरीची? मीठ उपयोगी आहे, नाही असं नाही. पाण्यात नायट्राइट, म्हणजे जिवाणूंनी अमोनियापासून बनवलेलं दुसरं विष, वाढलं असेल तर मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. अमोनियावर मात्र मीठ हा उतारा नाही. घालायचंच तर आयोडीन नसलेलं खडेमीठ, लिटरला एक ग्रॅम, वजन करून, वेगळ्या भांड्यात विरघळवून. पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच नवं मीठ. मीठ वाफेबरोबर उडत नाही, साठत जातं.

भर_उन्हात:
काका, अमोनियाचं टेस्ट किट मागवलं. रंग हिरवागार! पाणी रोज बदलतेय. कल्ले शांत झालेत, लाल रेषा फिकट दिसतात. पण काल उपास सोडला आणि जिलबी पुन्हा तिरकी. लेकीला काय सांगू? आणि ती आता जिलबीला मैत्रीण हवी म्हणून मागे लागलीय.

टाकीवाले_काका:
हिरवागार म्हणजे अमोनिया अजून आहे, पाणी बदलणं चालूच ठेवायचं. तपासणीत शून्य आलं पाहिजे. बाऊलचा नाद सोडा. काचेची महागडी टाकी नको, बाजारात 60 लिटरचा प्लास्टिकचा टब मिळतो, तो घ्या. एअर पंप आणि स्पंज फिल्टर काही शे रुपयांत येतो. त्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नळाच्या क्लोरीनने ते मरतात, म्हणून स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही; टबातल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

खायला तळाशी बसणारे दाणे द्या, आधी वाटीत भिजवून. अधूनमधून फ्रोजन मटार उकडून, साल काढून, चिमटीत कुस्करून. ते काम लेकीला द्या, तिला आवडेल. अंगाचा कुठला भाग पाण्याबाहेर राहून कोरडा पडत नाही ना, एवढं बघत जा.

तिला खरं सांगा. पाण्यामुळे झालेला त्रास जाईल, तिरकेपणा कदाचित जाणार नाही. असे कलंडून पोहणारे मासे वर्षानुवर्षं जगलेले मी पाहिलेत, पण खवले अननसासारखे उभे राहिले तर आशा फार कमी, तेव्हा लगेच लिहा. माशांचा डॉक्टर सहज सापडत नाही. व्हेटर्नरी कॉलेजात चौकशी करून बघा, तिथे कुणाला माशांचं कळत असेल.

फुटाळ्यात सोडायचं मात्र काढून टाका मनातून. आजारी असो की बरी, घरातला मासा तलावात सोडला की त्याच्याबरोबर रोगही तिथे पोचतो, आणि जगला तर तळ उकरून पाणी गढूळ करत बसतो.

मैत्रीण आत्ता नको. टबात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही काही आठवडे शून्य राहू देत. मग आणा, तीही याच जातीची, लांबट चपळ गोल्डफिश आणलात तर ती जिलबीचं सगळं खाऊन टाकेल. आणि नवी आली की आधी महिनाभर वेगळ्या बादलीत.