मदत हवी आहे : राक्षसभुवनच्या लढाईसाठी पुरातली गोदावरी कशी बनवावी?

नमस्कार मंडळी,

टेबलावर खेळायच्या युद्धखेळात, १५ मिमी उंचीच्या छोट्या शिपायांसाठी, पेशवे आणि निजाम यांच्यातली राक्षसभुवनची लढाई (१० ऑगस्ट १७६३) मांडतोय. टेबल ६ बाय ४ फूट, नदी लांबीभर. निजाम नदी ओलांडून गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर अडकलेला, मधे पूर; म्हणजे नदी नीट जमली नाही तर डावाला अर्थच नाही.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर थर्माकोलचे काठ चिकटवून वर फेविकॉल-वाळूचा थर दिला. वाळल्यावर पुठ्ठा द्रोणासारखा वळला. स्प्रे मारला तर काठाला खड्डे पडले. शिवाय पाण्याला इपॉक्सी रेझिन किती लागेल? बीडमध्ये मिळेल असंच सामान सांगा.

प्रतिसाद १

पुठ्ठा वळणारच. फेविकॉल वाळताना आकसतो आणि ओला थर एकाच बाजूला आहे. ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) घ्या, प्लायवूडच्या दुकानात कापून देतात. ३०.५ सेंमी लांब, २० सेंमी रुंद असे सहा तुकडे केले की ६ फूट भरतात. काम सुरू करायच्या आधी दोन्ही बाजूंना प्रायमर द्या, आणि वाळूचा थर वाळेपर्यंत कडांवर विटा ठेवा.

खड्डे स्प्रेतल्या द्रावकाने पडले, तो थर्माकोल खातो. आधी फेविकॉल दोन भाग, पाणी एक भाग असे दोन हात ब्रशने द्या, मग पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग. स्प्रे त्यानंतरही नको. बारीक छिद्र राहिलं तरी तिथून आत शिरतो.

प्रतिसाद २

रेझिनचा विचार सोडा. पुराचं पाणी गढूळ असतं, तळ दिसतच नाही, मग पारदर्शक थर ओतून काय मिळणार? शिवाय जाड ओतलं की ते तापतं आणि थर्माकोल बसतो.

पात्रावर पातळ फेविकॉल लावा आणि टिश्यू पेपर पसरा. ओला असतानाच बोटाने प्रवाहाच्या दिशेने चुण्या पाडा. आडव्या चुण्या पडल्या तर नदी नाही, तळं दिसतं. रात्रभर वाळू द्या. पांढऱ्या इमल्शनमध्ये पिवळा आणि तपकिरी स्टेनर (रंगछटा देणारं दाट द्रव) थेंबाथेंबाने घाला, दुधाळ चहासारखा रंग येईपर्यंत. निळा अजिबात नको. काठाजवळ फेसाची अस्पष्ट पांढरी रेघ, मग पाण्यात मिसळणाऱ्या चमकदार वॉर्निशचे तीन हात. आधीचा हात ओला असताना दुसरा दिला तर दुधाळ डाग पडतात.

धागाकर्ता

एमडीएफ आणतो, रेझिन रद्द. काठाला शेतातलीच काळी माती चाळून लावली तर?

प्रतिसाद १

नुसती नको. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते, एकेक ढेपूळ पापुद्र्यासारखं सुटून येतं. उन्हाळ्यातलं रान दाखवायचं तर त्या भेगा कामाच्या, श्रावणातल्या काठाला नाहीत. एक भाग माती, तीन भाग बारीक चाळलेली वाळू घ्या. थर २ मिमीच्या आत. उन्हात ठेवू नका, वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतलं ओलं राहतं.

प्रतिसाद २

आणि रंगवण्याआधी पुठ्ठ्याचा एक साचा कापा: मधे १४ सेंमी पाणी, दोन्हीकडे ३-३ सेंमी काठ. प्रत्येक तुकड्याचं टोक त्यावर लावून बघा. मधे नदी हवी तशी वळवा, पण टोकाला २ मिमीचा फरक पडला तरी सांधा दिसतो.