सहाव्या आठवड्यातील मळमळ

गरोदरपणाच्या सहाव्या आठवड्यात फोडणीचा वासही सोसवत नाही आणि घरचे मात्र 'आता दोन जिवांचे खा' म्हणून मागे लागले आहेत, असे आपण लिहिले आहे. माझेही तसेच होते. इंदुरात सकाळी पोह्यांच्या गाडीवरून जिरावनाचा (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा) वास आला की मी खिडक्या लावून घेत असे. अंथरुणातच खाल्लेले कोरडे टोस्ट आणि दिवसभर थोडे थोडे खाणे, यावर निभावले. (आग्रह प्रेमापोटीच असतो, पण पोटाला ते कुठे कळते!) बहुतेकींची मळमळ 12 ते 14 आठवड्यांच्या सुमारास ओसरते. जेवण थोडे कमी झाले तरी चालेल, परंतु डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये, कारण बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची घडण या सुरुवातीच्या आठवड्यांतच सुरू होते. पाणीही पोटात ठरत नसेल वा लघवी गडद व कमी होत असेल, तर आल्याच्या चाटणावर विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.