बायपासनंतर बाबांचा ऑक्सिजन ९१, सिलिंडर आणू का?

साताऱ्याची लेक
नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे, बिडी-तंबाखू कधीच नाही. बायपासचा आज दहावा दिवस, परवाच घरी आणलं. दवाखान्यात ९५-९६ असायचा. कालपासून आडवे असताना ९१ आणि उठून बसले की ९४ दाखवतोय. ताप नाही, धाप नाही. खोकला आला की मात्र "टाके उसवतील" म्हणत दाबून धरतात. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र उशाशी नुसतं पडून आहे. भाड्याने सिलिंडर आणू का?

वॉर्डातली फिजिओ
ताई, आधी सर्जनच्या युनिटला फोन करा, आजच. ९५ वरून ९१ झालाय हे त्यांना कळायलाच हवं. बोटं गार असली, नखाला मेंदी-पॉलिश असलं तरी मशीन चुकतं, तेव्हा बोट चोळून, आकडा स्थिर झाल्यावरच वाचा.

मी हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात बारा वर्षं आहे. छातीचं हाड मधोमध कापलेलं, त्यामुळे दुखतं, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग फुफ्फुसाचा तळ, बहुतेकदा डावीकडचा, मिटून राहतो. नुसत्या सिलिंडरने आकडा चढेल, पण मिटलेला भाग उघडणार नाही.

उशी छातीशी घट्ट कवटाळून खोकायला सांगा. हाड आतून तारेनं बांधलेलं असतं. छातीत कटकट वाजली किंवा जखमेतून पाणी आलं, तर मात्र लगेच कळवा. यंत्रात फुंकायचं नाही, हवा आत ओढायची. कितीतरी पेशंट घरी जाऊन फुंकतात, फार वाईट वाटतं. तिन्ही चेंडू उडवायची शर्यत नको, एकच चेंडू सावकाश वर नेऊन तीन सेकंद धरायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने केलं की सोपं जातं.

धाप लागली, ९० च्या खाली गेला, ओठ निळसर दिसले, एकच पोटरी सुजली, तर रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत न्या.

कोल्हापूरकर
एक्स-रे काढाच. आमच्या आईच्या डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी साठलं होतं. सुईने काढलं आणि त्याच संध्याकाळी ती सपाट झोपू शकली.

साताऱ्याची लेक
दाखवून आणलं. डाव्या तळाचा भाग मिटलेला, थोडं पाणीही आहे. लघवीची गोळी वाढवली, रोज सकाळी वजन लिहायला सांगितलंय. बाबा खरंच यंत्रात फुंकत होते! काल आईची लोडाची उशी कवटाळून खोकले, घट्ट पिवळट बेडका पडला. तोही डॉक्टरांना फोनवर सांगितला, तपासायला डबी द्या म्हणाले. आज झोपल्यावर ९४.