मदत हवी आहे: टूलची पत्ता वाचायची पद्धत बदलायची आहे, पण जुन्या स्क्रिप्ट मोडायला नकोत

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे अंतर्गत वापराचं एक छोटं कमांड-लाइन टूल आहे. आयपी पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट (यंत्रावरच्या सेवेचा क्रमांक) द्यायचं, टीसीपी कनेक्शन लागतं का ते बघून टूल एक्झिट कोड (बाहेर पडताना स्क्रिप्टला कळवायचा आकडा) देतं: लागलं तर ०, नाही तर १. पत्त्यांची फाइल दिली तर एकेक ओळ घेऊन सगळे तपासतं. सी मध्ये लिहिलेलं आहे, लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला, आता देखभाल माझ्याकडे आहे. आयपीव्ही६ (नवे, लांब पत्ते) हवं म्हणून लोक मागे लागले होते, तेव्हा पत्ता वाचणारा भाग नव्याने लिहायला घेतला. आयपीव्ही६ चं काम सरळ झालं. घोडं पेंड खातंय ते आयपीव्ही४ पाशी, म्हणजे जुन्या चार भागांच्या पत्त्यांपाशी.

जुना कोड पत्त्याचा मजकूर वाचायला इनेट_एटॉन वापरतो. बीएसडी या जुन्या युनिक्सच्या काळापासून चालत आलेलं हे फंक्शन फारच उदार आहे. चार भाग नसले तरी चालतात, शेवटचा भाग उरलेली सगळी जागा भरून काढतो. म्हणून १२७.१ म्हणजे १२७.०.०.१. एकच आकडा दिला तर तो अख्खा ३२ बिटांचा पत्ता समजतो. कोणी पत्ता विसरून नुसतं ४४३ लिहिलं, तर टूल मुकाट्याने ०.०.१.१८७ ला जोडायला जातं! भागाच्या आधी शून्य असेल तर तो अष्टमान (आठाच्या पायावरचा, अंक ० ते ७ च), शून्य-एक्स असेल तर षोडशमान (सोळाच्या पायावरचा).

नव्या कोडमध्ये त्याच कामाचं इनेट_पीटॉन आहे. चार भाग, दशमान, प्रत्येक ० ते २५५, बास. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतलं हे फंक्शन पुढे शून्य लावलेला भागही घेत नाही.

आता खरी अडचण. आमच्या यंत्रांची यादी एका स्प्रेडशीटमधून निघते आणि कोणे एके काळी कोणीतरी सॉर्ट नीट व्हावं म्हणून प्रत्येक भाग तीन अंकी करून ठेवलाय. म्हणजे १९२.१६८.००१.००५ असं. गंमत बघा, ००१ ते ००७ अष्टमानात वाचा नाहीतर दशमानात, किंमत तीच. त्यामुळे पहिली काही यंत्रं बरोबर तपासली जातात. ००८ आणि ००९ अष्टमानात बसतच नाहीत, मग टूल त्याला होस्टचं (यंत्राचं) नाव समजून डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) विचारतं, तिथे नाही मिळालं की १ देऊन बाहेर पडतं. आणि ०१० म्हणजे ८, ०११ म्हणजे ९, ०२० म्हणजे १६. इथे काहीच अडत नाही, फक्त भलतंच यंत्र तपासलं जातं. वर टूल आउटपुटमध्ये पत्ता जसा दिला तसाच छापतं, त्यामुळे ०१० च्या पुढे 'चालू' लिहिलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात उत्तर ८ ने दिलेलं असतं. ८ आणि ९ नंबरची यंत्रं नेहमी 'बंद' दिसतात, म्हणून काही जणांनी आपापल्या स्क्रिप्टमध्ये ती वगळून टाकली आहेत. म्हणजे दोषावरसुद्धा लोकांनी घर बांधलंय.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. एक, ०१० ला १० समजायचं, यादीवाल्यांना तेच अभिप्रेत आहे. दोन, जुनं तसंच ठेवायचं. तीन, सरळ एरर द्यायची. मला पहिली वाट सगळ्यात घातक वाटते. तीच ओळ काल ८ कडे जात होती आणि आज काही न बोलता १० कडे जाणार. ज्याने कोणी अष्टमान जाणूनबुजून वापरलं असेल (असा महाभाग असेल असं वाटत नाही, पण स्क्रिप्ट शेकड्यांनी आहेत आणि सगळ्या मी पाहिलेल्या नाहीत) त्याला कळणारही नाही. एरर आली तर निदान कोणीतरी शिव्या घालायला येईल.

दुसरा छोटा प्रश्न पत्ता:पोर्ट या लिखाणाचा. १०.०.०.५:४४३ आजवर चालत होतं. पण २००१:डीबी८::१:४४३ मध्ये शेवटचं ४४३ हे पोर्ट की पत्त्याचाच भाग? ते सगळं मिळून एक वैध आयपीव्ही६ पत्ता होतो. मी पत्त्याभोवती चौकोनी कंस सक्तीचे करायचं ठरवलंय. यात काही खोच असेल तर सांगा.

शून्याबद्दल लगेच एरर न देता नुसता इशारा स्टँडर्ड एररवर (चुका छापायचं वेगळं आउटपुट) छापून काही आवृत्त्या थांबावं, असा आधी विचार होता. पण निम्म्या स्क्रिप्ट दोन्ही आउटपुट एकत्र करून ओळी मोजतात. इशाऱ्याची एक ओळ वाढली की त्याही मोडणार. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

—

प्रतिसाद:

तुमची तिसरी वाट बरोबर आहे आणि त्या वाटेने बरेच जण आधी गेलेत. २०२१ साली एकामागोमाग एक बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांनी हेच केलं. पायथनच्या आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलने ३.९.५ पासून पुढचं शून्य नाकारलं, रस्टने १.५३ मध्ये, गो ने १.१७ मध्ये. ही मंडळी आधी ०१० ला १० समजत होती आणि खालची सी लायब्ररी ८ समजत होती. एकाने तपासायचं, दुसऱ्याने जोडायचं आणि दोघांचे पत्ते वेगळे, म्हणून ही सुरक्षेची चूक धरली गेली.

तुमच्या उपयोगाचा भाग पुढे आहे. गो ने दार बंद केल्यावर गो मध्येच लिहिलेल्या कुबरनेटीसची (यंत्रांच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी यंत्रणा) पंचाईत झाली. क्लस्टरमध्ये आधीच साठवलेल्या नोंदींमध्ये शून्य लावलेले पत्ते असू शकतात, आणि नुसतं गो चं व्हर्जन वाढवलं म्हणून काल वैध असलेली नोंद आज अवैध ठरणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी गो चा जुना पार्सर (पत्त्याचा मजकूर वाचणारा कोड) उचलून आपल्याकडे ठेवला आणि नावच 'पार्सआयपी-स्लॉपी' दिलं, स्लॉपी म्हणजे गबाळं. नाव असं, की वापरणाऱ्याला जरा लाज वाटावी. तुम्हीही जुना पार्सर काढून टाकू नका. त्याला वेगळा फ्लॅग (कमांडसोबत लिहायचा पर्याय) द्या, आणि नावातच कळू दे की हे तात्पुरतं आहे.

—

प्रतिसाद:

एवढा ऊहापोह कशाला? मेजर व्हर्जन वाढवा, बदलांच्या यादीत ठळक लिहा, मोकळे व्हा. ज्याला जुनं हवंय तो जुनं व्हर्जन धरून बसेल.

—

धागाकर्ता:

धरून बसायची सोयच नाही ना. टूल बेस इमेजमधून (सगळ्या यंत्रांचा मूळ साचा) सगळ्यांकडे आपोआप जातं. बदलांची यादी वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

स्लॉपीची कल्पना आवडली. पण आखूड पत्त्यांचं काय करावं? १२७.१ लिहिणारे बरेच आहेत आणि त्यात गोंधळ काहीच नाही, म्हणून ते चालू ठेवावं असं वाटतंय.

—

प्रतिसाद:

१२७.१ मध्ये गोंधळ नाही असं वाटतं, कारण तिथे सगळ्यांना उत्तर पाठ आहे. १०.८ घेऊन बघा. पिंगला (यंत्र उत्तर देतं का बघणारी कमांड) द्या, ते १०.०.०.८ कडे जाईल. तेच १०.८ लिनक्सच्या आयपी कमांडला द्या, ती १०.८.०.० समजते, उरलेले भाग मागे शून्यांनी भरते. ही कमांड ज्यात येते त्या आयप्रूट२ च्या सोर्समध्ये पत्ता वाचणाऱ्या फंक्शनवर कॉमेंटच आहे, की हे नेहमीचं पार्सिंग नव्हे, जुन्या निवडीमुळे असं ठेवलंय. त्यांना हे विचित्र आहे ते पक्कं माहीत आहे, तरी बदललं नाही, बहुधा नेटवर्कचे रूट लावणाऱ्या स्क्रिप्ट जगभर पसरल्यात म्हणून. एकाच यंत्रावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन कमांड एकाच लिखाणाचे दोन अर्थ लावतात, आणि तुमचे लोक दोन्ही वापरत असणार.

तरीही लगेच तोडा असं मी म्हणणार नाही. आखूड पत्त्याचा अर्थ तुमच्या टूलमध्ये एकच होता आणि तो बदलत नाहीये. वाचू द्या, फक्त नव्या दस्तऐवजात त्याचा उल्लेख करू नका. नुसता एक आकडा मात्र आजच बंद करा. ४४३ चं जे उदाहरण तुम्ही दिलंत, तसा एकच आकडा देण्यामागे विसरभोळेपणाशिवाय दुसरं कारण मला सुचत नाही.

चौकोनी कंसांबद्दल: ठीक आहे, यूआरएलमध्येही तेच लागतात. फक्त एफई८० वाल्या लिंक-लोकल (त्याच नेटवर्कपुरत्या) पत्त्यांच्या मागे टक्क्याचं चिन्ह आणि इंटरफेसचं नाव येतं, तेही कंसाच्या आत घ्या. आणि वापरकर्त्याला सांगा की कंस अवतरणचिन्हात लिही, नाहीतर काही शेल ते फाइलच्या नावाचा पॅटर्न समजून मधेच अडवतात.

—

प्रतिसाद:

एक विचारायचं राहिलं. टूलच्या आधी कोणी पत्ता तपासतं का? म्हणजे 'फक्त या रेंजमधलेच पत्ते चालतील' असा एखादा रॅपर (टूलच्या आधी चालणारी स्क्रिप्ट)? असेल तर तो मजकुरावर तपासतो की पार्स करून? कारण जुनं लिखाण चालू ठेवण्याची खरी किंमत तिथे मोजावी लागते. रॅपरला ०१०.०.०.१ हे १०.०.०.१ दिसलं, त्याने जाऊ दिलं, आणि टूल गेलं ८.०.०.१ ला, म्हणजे थेट बाहेरच्या इंटरनेटवर. आरएफसी ६९४३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात या 'सैल' आणि 'कडक' वाचनाच्या भानगडीवर लिहिलंय, जरूर बघा.

यूआरएल उघडणाऱ्या कर्ल या टूलने ७.७७.० मध्ये यावर वेगळा उपाय केला. असले विचित्र पत्ते नाकारले नाहीत, पण यूआरएल वाचतानाच त्यांचं नेहमीच्या चार भागांत रूपांतर करून टाकलं. मग पुढे सगळीकडे एकच रूप फिरतं. तुम्हाला आउटपुट बदलता येत नसेल तर निदान व्हर्बोज (सविस्तर) मोडमध्ये खरा पत्ता छापा. भलत्याच यंत्राला 'चालू' म्हणणं इतका काळ लपून राहिलं, ते टूल दिलेलाच मजकूर परत छापत होतं म्हणून.

—

धागाकर्ता:

रॅपर आहे, आणि तो मजकुरावरच तपासतो. आता आखूड रूपंही मला तितकीशी निरुपद्रवी वाटत नाहीत, पण ती पुढच्या आवृत्तीत.

सध्या असं करतोय. पुढे शून्य असलेला भाग दिसला की एरर, आणि एररमध्ये दोन्ही अर्थ लिहायचे: आधी हे ८ वाचलं जात होतं, तुम्हाला १० हवं असेल तर १० लिहा. नुसता आकडा बंद. आखूड पत्ते चालू. जुनं वाचन हवं त्याला फ्लॅग, नाव लांबलचक. यादीच्या मालकांना निरोप पाठवलाय की तीन अंकी भाग काढा. ओळीच्या सुरुवातीला किंवा टिंबानंतर शून्य आणि त्याला चिकटून आणखी एक अंक, असं ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) शोधलं तर सगळ्या ओळी सापडतात.

—

प्रतिसाद:

एरर देताना एक्झिट कोड कुठला देणार? तुमच्याकडे १ म्हणजे 'पोर्ट बंद'. पत्ता चुकीचा म्हणूनही १ दिलात, तर ज्या स्क्रिप्ट १ बघून ट्रॅफिक दुसऱ्या यंत्राकडे वळवतात त्या अपग्रेडच्या रात्री एकदम धावतील. २ द्या. आणि फाइल असेल तर एकही कनेक्शन उघडायच्या आधी ती पूर्ण वाचून घ्या, म्हणजे अर्धी यादी तपासून मधेच बंद पडणं टळेल. एररमध्ये ओळ क्रमांक हवाच.

—

धागाकर्ता:

२ देतोय. पण काही स्क्रिप्ट '० नाही म्हणजे बंद' एवढंच बघतात, त्यांना १ आणि २ सारखेच. म्हणून ट्रॅफिक वळवणाऱ्या स्क्रिप्ट आधी शोधून त्यांत २ ची वेगळी शाखा घालतो, मग नवी आवृत्ती बेस इमेजमध्ये. फाइल आधी पूर्ण वाचायची सूचना घेतली, कोडमध्ये फार फरक पडत नाहीये. सगळ्यांचे आभार.