धावायला वेळ कुठून काढता?

गेलं वर्षभर मी 'उद्यापासून' धावतोय, म्हणून हा धागा. नोकरी-घर सांभाळून आठवड्यातून तीनदा तरी धावणाऱ्यांनी आपलं गणित कसं बसवलं ते लिहा. फसलेले प्रयोग आधी लिहा.

माझंच सांगतो. पाचचा गजर बंद करून पावणेसहाला उठायचं, एक बूट दाराशी, दुसरा पलंगाखाली. मोजे सापडेपर्यंत घर जागं! आता रात्रीच नाड्या सैल करून, मोजे आणि किल्ली बुटातच कोंबून ठेवतो. आठवड्यातून दोनदा जमतंय. तिसऱ्यांदाचं अजून काही खरं नाही.

*

माझी पाळीची नोकरी, त्यामुळे 'रोज सकाळी सहाला' हा सल्ला ऐकला की हसू येतं. मी घड्याळ सोडलं आणि धावणं पाळीला बांधलं. दिवसपाळी असेल तर सुटल्यावर, रात्रपाळी असेल तर निघण्याआधी. रात्रपाळी संपवून धावायचंही करून पाहिलं. अर्धवट झोपेत पदपथाच्या कडेला ठेचकाळले, आणि घरी आल्यावर झोप लागेना ती वेगळीच.

*

मूल दोन वर्षांचं आहे. तासभर मिळाला तरच धावायचं, या हट्टापायी सहा महिने धावलेच नाही. आता नवरा लेकीला आंघोळ घालतो तेवढ्यात २५ मिनिटं. आठवड्यातून तीनदा म्हणजे ७५ झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी जोरकस व्यायामाची आठवड्याला किमान तेवढीच मिनिटं सांगते. हे वाचल्यापासून अपराधी वाटणं बंद झालं.

*

माझी चूक जरा सविस्तर लिहितो, कारण कामात बुडालेले लोक हमखास हीच करतात. सोमवार ते शनिवार शून्य, आणि रविवारी सगळी थकबाकी एकदम: १२ किलोमीटर, तेही शाळेत धावायचो त्या वेगाने. तिसऱ्या रविवारनंतर नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. आधी धावताना, मग जिना उतरताना, शेवटी नुसतं बोट दाबलं तरी. सहा आठवडे धावणं बंद. परत सुरू केलं ते दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं. मैदानाच्या ४०० मीटरच्या धावपट्टीवर आजोबा मला मागे टाकून जायचे. जाऊ देत! सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवला. आता हुकलेला दिवस हुकला, त्याची वसुली नाही.

*

ऑफिसातून घरी पळतच येतो, ५ किलोमीटर. सकाळी जाताना बस. लॅपटॉप तिथेच ठेवावा लागतो, त्यामुळे घरी कामही येत नाही. हा फायदा साहेबांना सांगितलेला नाही.

*

नडगीवाले, त्या सहा आठवड्यांत चालणं चालू ठेवलं होतंत का? माझंही परवापासून तिथेच दुखतंय, आणि उद्या रविवार आहे.