डॉप्लरमध्ये (रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी) रक्तप्रवाह दिसतोय तरी सर्जन ऑपरेशन म्हणतायत, काय करावं?

पलासियाकर_इंदूर
भाचा १४ वर्षांचा, आज पहाटे झोपेतून उठला तो डाव्या अंडकोषात भयंकर दुखतंय म्हणून, एक उलटीपण झाली. मग मधे जरा कमी झालं म्हणून ताई थांबली आणि परत सुरू झालं. सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये लिहिलंय की दोन्हीकडे रक्तप्रवाह आहे, डावीकडे थोडा कमी. तरी सर्जन म्हणतात आत्ताच उघडून बघू. ताई घाबरलीये, म्हणते रिपोर्ट चांगला आहे तर चिरफाड कशाला, उद्या दुसरीकडे दाखवू. कोणाला माहिती असेल तर लवकर सांगा.

सोनोवाला
उद्यापर्यंत अजिबात थांबू नका!! मी रेडिओलॉजीत आहे म्हणून सांगतो. अंडकोष ज्या नसेला लटकलेला असतो, जिच्यातून त्याला रक्त जातं, तिला पीळ बसलेला असू शकतो. हा पीळ अर्धवट असला की आधी शिरा दबतात, धमनीतलं रक्त चालूच राहतं आणि स्क्रीनवर रंग दिसतो. दुखणं मधे थांबलं होतं म्हणता, म्हणजे पीळ सुटून परत बसलेला असू शकतो, आणि पीळ नुकताच सुटला असेल तर तिथे उलट जास्त रक्त दिसतं आणि ते इन्फेक्शनसारखं वाटतं. म्हणून आम्ही नुसता अंडकोष नाही बघत, प्रोब (सोनोग्राफीचं अंगावर फिरवायचं यंत्र) वर जांघेपर्यंत नेऊन ती नस कुठे भोवऱ्यासारखी गुंडाळलीये का ते बघतो. तुमच्या रिपोर्टमध्ये नसेबद्दल काही लिहिलंय का? पण ते विचारायला परत सेंटरला जाऊ नका. पहिल्या ६ तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा अंडकोष वाचतो, २४ तासांनी फार क्वचित. आणि पोराला खायला प्यायला काही देऊ नका, भूल द्यायचीये.

राऊची_आई
सर्जनचं ऐका हो. आमच्याकडे पोरगा पोट दुखतंय पोट दुखतंय एवढंच म्हणत होता, लाजेने खरं सांगेचना, आणि आम्ही ओवा देत बसलो. शेवटी डॉक्टरांनी चड्डी काढून बघितलं तेव्हा एक बाजू वर ओढलेली आणि आडवी. पोटात दुखणाऱ्या मुलाला तिथेही दुखतंय का हे आईबापांनी स्पष्ट विचारावं, त्यात कसली लाज.

पलासियाकर_इंदूर
ताईला वाचून दाखवलं, तिने लगेच सही केली. आत्ता बाहेर आणलं त्याला, पीळ निघाला, सोडवल्यावर रंग परत आला म्हणाले. खूप खूप आभार दोघांचे. पण उजवीकडेपण टाके घातलेत, ती बाजू तर चांगली होती ना?

सोनोवाला
वा, फार बरं वाटलं! उजवीकडचं बरोबरच केलंय. ज्यांचा अंडकोष आत नीट चिकटलेला नसतो, लोंबता असतो, त्यांचा बहुतेक दोन्हीकडे तसाच असतो, म्हणून एकाच भुलीत दुसराही बांधून घेतात.