रॉड आणि कमी व्होल्टेज

अनेकांना प्रश्न पडतो की घरातलं व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं तर १५०० वॉटचा पाणी तापवायचा रॉड जास्त करंट ओढून बिल वाढवेल का. नाही. गोंधळ होतो तो वॉट कायम धरल्यामुळे. रॉडवर छापलेले १५०० वॉट फक्त २३० व्होल्टला खरे. जवळपास कायम राहतो तो रोध (रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा).

आधी करंट काढा: १५०० भागिले २३०, म्हणजे ६.५ अँपिअर. मग रोध, २३० भागिले ६.५, साधारण ३५ ओहम. आता १८० व्होल्टला करंट ५.१ अँपिअरच, आणि पॉवर १८० गुणिले ५.१, म्हणजे जेमतेम ९२० वॉट. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी उतरलं, पण पॉवर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १५ लिटरची बादली २० वरून ५० अंशांवर न्यायला २१ मिनिटांऐवजी ३४ मिनिटं लागतील. विजेचं युनिट दोन्हीकडे अर्ध्याच्या आसपास. (पाणी हळू तापतं म्हणून वाटेत थोडी उष्णता जास्त वाया जाते, तेवढाच फरक.)

विहिरीवरच्या मोटरचं मात्र उलटं आहे. तिला पाणी उपसायचंच असतं, त्यामुळे व्होल्टेज पडलं की ती खरोखरच जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळू शकते. कदाचित तिथूनच ही समजूत रॉडला चिकटली असावी.

आणि हो, जुन्या पिवळ्या बल्बचा रोध मल्टिमीटरने मोजून हे गणित पडताळू नका. ६० वॉटच्या बल्बचा हिशोबाने ८८० ओहम यायला हवा, पण थंड फिलामेंट (बल्बमधली बारीक तार) शंभराच्याही खाली दाखवते, कारण तिचा रोध तापल्यावरच एवढा वाढतो.